फडक्याखालची बोटं

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण बेगडेवाडी स्टेशनजवळ इंग्रजी टायपिंगचा क्लास चालवणाऱ्या मावशींचं आहे. आईवडिलांचं ऋण मी यात धरत नाही, ते मोजायचं नसतं. मावशी नात्यानं माझ्या कुणी लागत नाहीत. क्लासमधली सगळी मुलं त्यांना मावशी म्हणायची, मीही म्हणू लागलो, आणि पुढे तेच खरं नातं झालं.

मावशी दहावी शिकलेल्या. देहूरोडच्या लष्करी डेपोच्या कचेरीत त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. सुरुवातीला तिथे कार्डांना भोकं पाडून माहिती भरायची यंत्रं होती, नंतर कीबोर्ड आणि पडदे आले. दिवसभर इंग्रजी शब्द आणि आकडे त्यांच्या बोटांखालून जायचे. कचेरी सुटली की लोकलनं बेगडेवाडीला उतरायच्या, चहा घ्यायच्या आणि घराच्या पुढच्या खोलीत सहा टाइपरायटर लावून मुलांना शिकवायला बसायच्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. भिंतीवर बुद्धाची एक तसबीर, एक घड्याळ आणि उतारे लिहिलेले पुठ्ठे, एवढीच त्या खोलीची सजावट.

मी कुरवंड्याचा. वडील लोणावळ्यात एका बंगल्याची राखण करत. आई सुट्टीच्या दिवशी नागफणीचा सुळका बघायला जाणाऱ्या लोकांना ताक आणि उकडलेल्या शेंगा विकायची. बाकीचे दिवस भाताचं खाचर आणि घर. आमच्या घरात बारावी झालेला मी पहिलाच. पण बारावीच्या पुढे काय असतं हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मी ठेकेदाराकडून एका कारखान्यात खोकी भरायच्या कामाला लागलो. तिथला सुपरवायझर एकदा म्हणाला, "टायपिंग येत असेल तर ऑफिसात बसवतो." त्या एका वाक्यावर मी मावशींच्या दारात गेलो.

त्यांच्याकडे शिकवण्याची एकच रीत होती. मुलगा मशीनवर बसला की त्याच्या दोन्ही हातांवर त्या एक सुती फडकं टाकायच्या. निळ्या काठाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. फडक्याखाली बोटं, समोर उतारा. कळा दिसायच्याच नाहीत.

"काय शोधतोयस? कोंबडी दाणे टिपते तसं नको करू," त्या मागून म्हणायच्या. "कळा कुठं पळून जात नाहीत. बोटं जागेवर ठेव."

पहिले पंधरा दिवस मला रडू यायचं. मग कधीतरी बोटं आपली आपण जागेवर जाऊ लागली, आणि तो आनंद मी अजून विसरलेलो नाही.

खोलीच्या कोपऱ्यात, मच्छरदाणीच्या कापडाखाली, मावशींचा एक घरगुती संगणक होता. छावणीतल्या कुणा अधिकाऱ्याच्या पत्नीनं बदली होऊन जाताना त्यांना दिलेला. सगळं यंत्र कीबोर्डच्याच पोटात. तो टीव्हीला जोडायचा. चालू केला की पडद्यावर बेसिक ही भाषा हजर व्हायची. तिचा इंटरप्रिटर आतच होता. इंटरप्रिटर म्हणजे मधला दुभाष्या. आपण एक ओळ लिहायची, तो ती तिथल्या तिथे वाचून यंत्राकडून करून घेतो, आणि चुकलं तर लगेच सांगतो. मावशी हे कुठल्या वर्गात शिकल्या नव्हत्या. कचेरीत दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम भरता भरता त्यांच्या लक्षात आलं होतं की या ओळी म्हणजे हुकूम आहेत आणि ते ठराविकच आहेत.

मी स्पीडचा उतारा वेळेआधी संपवला की बक्षीस म्हणून त्या मला तिथे बसवत. प्रत्येक ओळीला आधी नंबर द्यावा लागे, आणि त्या नंबर दहाच्या टप्प्यानं देत. दहा, वीस, तीस.

मी विचारलं, "एक, दोन, तीन का नाही द्यायचे?"

"माणसाला मागनं आठवतं," त्या म्हणाल्या. "मधे जागा ठेवावी."

आता मुख्य गोष्ट. जूनमधली एक संध्याकाळ होती. मावशी म्हणाल्या, आज छापील उतारा नाही, मी सांगते ते टाइप कर. हातांवर फडकं टाकलं आणि सावकाश इंग्रजीत सांगू लागल्या. प्राचार्य महोदय, मी बारावी शास्त्र शाखेतून उत्तीर्ण झालो आहे, घरच्या अडचणीमुळे मुदतीत अर्ज करू शकलो नाही, तरी संगणक विषयाच्या पदवीला मला उशिरा प्रवेश मिळावा. मी यंत्रासारखं टाइप करत गेलो. अर्थाकडे माझं लक्षच नव्हतं, स्पीडकडे होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "आता खाली नाव घाल."

"कुणाचं?"

"तुझं. दुसऱ्या कुणाचं घालणार?"

मी थांबलो. हात फडक्याखाली तसेच राहिले.

"घाल की," त्या म्हणाल्या. "एकही चूक नाही झाली. असा अर्ज वाया घालवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीतून अर्धी रजा काढली आणि तो कागद घेऊन माझ्याबरोबर कॉलेजात आल्या. मला प्रवेश मिळाला.

आईनं हे सगळं माझ्याकडून पुन्हा एकदा ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बाईंनी तुज्यासाठी यवढं केलं, आन् आपुन घरात बसून ऱ्हायाचं व्हय? मी जानार तितं." घरच्या इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन ती बेगडेवाडीला आली. मावशींनी चहा केला. आमच्या गावात त्यांच्या समाजाची घरं वेगळ्या आळीत होती, आणि आईनं तोवर कधी त्या घरांत पाणी घेतलं नव्हतं. कप हातात धरून ती क्षणभर थांबली, हे मी पाहिलं. मावशींनीही पाहिलं. मग आईनं चहा घेतला, कप विसळून पालथा घातला, आणि म्हणाली, "ताई, लय चांगला झालाय." पुढे दर वर्षी तांदूळ घेऊन ती स्वतःच जायची. त्या क्षणाविषयी दोघी कधी बोलल्या नसाव्यात. मी तर नक्कीच बोललो नाही.

कॉलेजातला एक प्रसंग इथे सांगायला हवा, कारण पुढची चूक त्यातून झाली. प्रयोगशाळेत पहिल्याच आठवड्यात माझ्या पडद्यावर इंग्रजीतली चूक दाखवणारी लांब ओळ आली. सरांनी ती मोठ्यानं वाचायला सांगितली. मी वाचली, पण उच्चार असे झाले की मागचे दोन बाक हसले. सर अर्थ विचारत होते आणि मला तो सांगता येत नव्हता. मी टाइप करत होतो त्या भाषेतलं वाक्यच मला कळत नव्हतं. नंतर पदवी मिळाली, पुण्यात नोकरी मिळाली, लोणावळ्यात घर झालं, आईवडील तिथे राहायला आले. तरी ते दोन बाक माझ्या कानातून गेले नाहीत. आपल्या भाषेत यंत्र असतं तर हे झालं नसतं, असं मी स्वतःशी पुष्कळदा म्हटलं आहे.

मावशी निवृत्त झाल्या. टाइपरायटरांच्या जागी चार संगणक आले, कारण सरकारी परीक्षाच आता संगणकावर होते. फडकं तेच राहिलं. मुलं कमी झाली, मुली वाढल्या. शेतकऱ्यांच्या, डेपोतल्या कामगारांच्या, बांधकामावर आलेल्यांच्या मुली. टायपिंगचं प्रमाणपत्र मिळालं की कुठेतरी कचेरीत बसता येतं, एवढीच त्यांची आशा असे.

दीड वर्षापूर्वी मावशींना काचबिंदू असल्याचं कळलं. उशिरा कळलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही. राहिलेली टिकवायचा प्रयत्न करू. डॉक्टरांकडे मीच त्यांना नेलं होतं. परतताना गाडीत त्यांनी औषधाची चिठ्ठी घडी करून पिशवीत ठेवली. मग म्हणाल्या, "मुलींच्या चुका कशा तपासणार मी?"

त्यांना पहिलं दुःख त्याचंच झालं.

क्लासमध्ये रोज संध्याकाळी मुली उतारा टाइप करून कागदावर छापून देत आणि मावशी लाल पेन्सिलीनं तो तपासत. आता ओळी तुटक दिसत, शब्दांचे तुकडे गायब होत. तयार सॉफ्टवेअर बाजारात होतं. ते टक्केवारी दाखवत असे, पण मावशींची मोजायची पद्धत त्यात नव्हती. दोन अक्षरांची अदलाबदल झाली तर त्या अर्धी चूक धरत. अक्षर गाळलं तर पूर्ण. आणि एकच चूक पुन्हा पुन्हा झाली तर ती एकदाच मोजून मुलीला जवळ बोलावत. "ही चूक नाही," त्या म्हणत, "हे बोट चुकीच्या जागी बसलंय." मग बोट हातात घेऊन बसवून देत. या पद्धतीवर त्यांचा क्लास उभा होता.

मी म्हणालो, "मावशी, प्रोग्रॅम मी लिहून देतो. उतारा तपासेल आणि बोलून सांगेल."

"तू लिहिशील. मग त्यात काही बदलायचं झालं की मी तुझी वाट बघणार. तू रविवारी येणार. मुली सोमवारी चुकतात." मग म्हणाल्या, "तो जुना कधीच बंद पडला. मला फक्त माझ्या आताच्या संगणकावर एक इंटरप्रिटर बसवून दे. कुठला, ते तू बघ. शिकलेला तू आहेस. प्रोग्रॅम मी लिहीन."

पुढची परीक्षा दिवाळीनंतर होती. तोवर जमलं नाही तर क्लास बंद करायचा, मुलींना वेळेवर दुसरीकडे पाठवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणजे माझ्या एका निवडीवर त्यांचा क्लास अवलंबून होता.

आणि मी चुकलो.

मला वाटलं, आयुष्यात एकदाच ऋण फेडायची संधी आली आहे, तर साधं काही द्यायचं नाही. मी दीड महिना, कामावरून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी बसून, एक छोटा इंटरप्रिटर तयार केला, ज्यात सगळे हुकूम मराठीत होते. 'जर', 'नाहीतर', 'वाच', 'सांग'. चूक झाली की तो मराठीत बोलायचा. मराठी अक्षरांचे पारदर्शक स्टिकर आणून मावशींच्या कीबोर्डवर एकेक कळ पुसून नीट लावले. रविवारी दुपारी त्यांना समोर बसवून दाखवलं. दहावी शिकलेल्या बाईच्या हातात मी तिची भाषा देत होतो, असं मला वाटत होतं.

मावशींनी बोटं कळांवरून फिरवली. एकदा, पुन्हा एकदा. "छान आहे," त्या म्हणाल्या. "खूप कष्ट घेतलेस."

मी आनंदानं घरी गेलो. आईला सांगितलं. आई म्हणाली, "झालं बाबा, तुजं मन हलकं झालं."

तीन आठवडे मला जायला जमलं नाही. फोन केला की मावशी म्हणत, चाललंय. गेलो तेव्हा क्लास सुरू होता, पण चारपैकी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मावशी आत चहा ठेवायला गेल्या. कोपऱ्यात ठेवून दिलेल्या एका जुन्या टाइपरायटरचं झाकण थोडं वर उचललेलं दिसलं, म्हणून मी पाहिलं. खाली न तपासलेल्या उताऱ्यांची चळत होती.

सगळ्यांत मोठी मुलगी, परीक्षेला बसणारी, माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "काका, रागावणार नसाल तर सांगते."

"सांग."

"ते स्टिकर लावल्यापासून मावशींचा हातच बसत नाही. एफ आणि जे वरचे उंचवटे झाकले गेलेत. त्यावरूनच तर जागा कळते ना? आम्हाला विचारतात, ज कुठंय गं. आम्ही सांगतो. मग त्या कीबोर्ड बाजूला सारतात. दोघींना त्यांनी दुसरा क्लास बघा म्हणून सांगितलं."

मी कीबोर्डकडे पाहिलं. प्रत्येक कीबोर्डवर त्या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. न बघता टाइप करणारा माणूस तर्जन्या त्यावर टेकतो आणि तिथून बाकीच्या कळा ओळखतो. मला हे कुणी शिकवलं होतं? याच खोलीत, याच बाईंनी, फडक्याखाली. आणि मी स्वच्छ पुसून, नीट दाबून, त्याच दोन जागा झाकल्या होत्या.

मावशी चहा घेऊन आल्या. मी विचारलं, "तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं?"

"की हे चालत नाही."

"एवढ्या मायेनं आणलंस. वाढलेल्या ताटाला नावं ठेवतात का?"

"निदान स्टिकर तरी काढून टाकायचे."

"तू लावलेले मी काढू?"

मुली माना खाली घालून टाइप करत असल्याचं दाखवत होत्या, पण कळांचा आवाज थांबला होता. मावशींनी कप माझ्या हातात दिला. मी मराठीविषयी काहीतरी बोलू लागलो, आपली भाषा, सोपी पडेल असं वाटलं. त्यांनी मधेच थांबवलं.

"हे बघ. तुला इंग्रजीनं रडवलं होतं, ते मला ठाऊक आहे. कॉलेजातून यायचास तेव्हा तोंड बघितलंय मी तुझं. पण मला नाही रडवलं. मला इंग्रजीनं पोसलं. ते पंचवीस-तीस हुकूम माझी बोटं झोपेतसुद्धा लिहितील." मग जरा हसून म्हणाल्या, "तू तुझ्यासाठी औषध केलंस आणि मला पाजलंस."

त्या संध्याकाळी मुली गेल्यावर मी नखानं एकेक स्टिकर काढला. गोंद राहिला, तो खोबरेल तेलाच्या बोळ्यानं पुसला. मावशी शेजारी बसून होत्या. एफ आणि जे मोकळे झाले तेव्हा त्यांनी तर्जन्या तिथे ठेवल्या आणि तशाच ठेवून बसल्या.

घरी परतताना मी ते निळ्या काठाचं फडकं मागून घेतलं.

लोणावळ्याच्या घरी मी ते संगणकाच्या पडद्यावर टाकलं आणि कोपऱ्यांना चिमटे लावले. पडद्यावरचं बोलून दाखवणारी व्यवस्था सुरू केली. आणि मग एकेक इंटरप्रिटर तसाच तपासला, काहीही न बघता. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

पहिला पायथॉन या भाषेचा, ज्यावर माझी रोजची भाकरी आहे. त्यात कुठली ओळ कुणाच्या पोटातली हे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेवरून ठरतं. डोळ्यांना ते सुंदर दिसतं. फडकं टाकल्यावर ती मोकळी जागा मला सापडेना. आवाजाला ती मोजून सांगायला लावता येतं, तसं लावलं, तर तो 'चार मोकळे, आठ मोकळे' करत बसला आणि मी मुद्दाच विसरलो. चूक झाली की चार-पाच ओळी ऐकायला लागत. पंचवीस वर्षं हे काम करणारा मी, बारा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये आपण कुठे आहोत हे विसरलो. दुसरा मुलांसाठीचा, रंगीत ठोकळे माउसनं ओढून जोडायचा. तो फडक्याखाली उघडताही आला नाही.

तिसरा जुन्या धाटणीच्या बेसिकचा होता, ओळींना नंबर देणारा. आजच्या संगणकावर चालणारा असा इंटरप्रिटर शोधून काढावा लागला. यात मधली ओळ बदलायची तर तिथपर्यंत जावं लागत नाही. नंबर टाइप करून नवी ओळ लिहिली की जुनी जाते. चाळीसावी ओळ ऐकायची तर तेवढीच ऐकता येते. चूक झाली तर तो थोडक्यात सांगतो आणि ओळीचा नंबर देतो. फडक्याखाली मी पहिल्यांदा कुठेतरी उभा होतो. जिन्याच्या कठड्याला हात लागावा तसे ते नंबर लागत होते.

ऑफिसात मी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सहकारी हसला. "म्युझियम काढतोस का? आज कोण ओळींना नंबर देतं?"

"ज्याला पडदा दिसत नाही तो," मी म्हणालो. मग त्यानंच जेवणाच्या सुट्टीत बसून आवाजाचा वेग कसा वाढवायचा ते मला शोधून दिलं.

पण आता निवड मी करणार नव्हतो. पायथॉन आणि बेसिक दोन्ही मावशींच्या संगणकावर बसवले आणि म्हटलं, "तुम्ही बघा."

मावशींनी बाजारात वांगी घ्यावीत तसे प्रश्न विचारले. "चूक झाली की किती बोलतं हे?" दोन्हींत मुद्दाम चूक करून ऐकली. "मधली ओळ बदलायला कुठं जावं लागतं?" तेही करून पाहिलं. "वीज गेली तर?" मी म्हणालो, अधूनमधून साठवावं लागेल. "ते ठीक. कचेरीतही तेच करायचो." पायथॉनला त्यांनी अर्धा तास दिला, मनापासून. मग म्हणाल्या, "हा हुशार आहे, पण फार बोलतो. हा राहू दे तुझ्याकडे."

बेसिकमध्ये त्यांनी दहा नंबर घातला आणि एक ओळ लिहिली. आवाजानं ती वाचली.

"एवढं सावकाश काय बोलतंय? ह्याच्या नादात लोणावळा लोकल चुकेल." मी वेग वाढवला. "अजून," त्या म्हणाल्या. शेवटी तो इतका भरभर बोलू लागला की मला एक अक्षर कळेना, आणि त्या मात्र मान डोलावत होत्या. तीस वर्षं दुसऱ्यांनी वाचून दाखवलेल्या याद्या ऐकत टाइप केलेल्या त्या.

प्रोग्रॅम लिहायला त्यांना पाच आठवडे लागले. मी हात लावला नाही. दोनदा फोन आला. एकदा साठवलेला उतारा उघडण्याचा हुकूम विचारायला, तो त्यांच्या काळात वेगळा होता. दुसऱ्यांदा सकाळी सात वाजता.

"पस्तीस घातली," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तिसाच्या आणि चाळिसाच्या मधे. अदलाबदल झालेल्या अक्षरांना अर्धी चूक. आता बरोबर मोजतंय." आणि फोन ठेवून दिला.

परीक्षेच्या आधी झाकणाखालची चळत संपली. कागदावर होतं ते उरलेल्या दोन मुलींनी पुन्हा टाइप केलं, यंत्रानं मावशींच्या पद्धतीनं मोजलं आणि मावशींनी बोटं बसवून दिली. पाठवलेल्या दोघींना मी स्वतः जाऊन बोलावलं. एक आली. दुसरीनं तोवर क्लासच सोडला होता, ती एका हॉटेलात भांडी घासायला लागली होती. तिची आई म्हणाली, "आता कुटं परत लावता, भाऊ. लागली कामाला." मी पुन्हा गेलो, तरी तेच. त्याबद्दल मावशी मला एका शब्दानं बोलल्या नाहीत.

क्लास या वर्षीही चालू आहे. नजर आणखी कमी झाली आहे. आता दारात कोण उभं आहे ते आवाज आल्याशिवाय कळत नाही. समोर बसून आभार मानले तर त्यांना चालत नाही. "आभार मानायचे असतील तर टाइप करून आण," असं त्या सगळ्यांनाच म्हणतात. म्हणून मी हे पत्र टाइप केलं आणि बेगडेवाडीच्या पत्त्यावर टपालानं पाठवलं.

ती. मावशींना साष्टांग नमस्कार.

हे पत्र क्लासमधल्या मोठ्या मुलीनं तुम्हाला वाचून दाखवावं, तिला तशी विनंती आहे. तुमचं फडकं अजून माझ्याकडेच आहे. हे पत्र मी ते हातांवर टाकून टाइप केलं आहे आणि नंतर वाचून पाहिलेलं नाही.

मला तुमच्यासाठी इंटरप्रिटर निवडायचा होता आणि मी माझ्यासाठी निवडला. शिकल्यामुळे मला दुसऱ्याचं कळतं असं मी समजत होतो. तुमच्या बोटांना काय येतं हे मला ठाऊक होतं, तरी मी तुम्हाला दहावी शिकलेली बाई म्हणून पाहिलं. कॉलेजातले ते दोन बाक मला तसंच पाहत होते. हे लिहिताना लाज वाटते, पण तुम्हाला न सांगता राहणं बरोबर नाही.

आपली एक मुलगी माझ्यामुळे गेली. ती हॉटेलातून चारला सुटते. तुमची हरकत नसेल तर रविवारी चारनंतर एक खुर्ची तिच्यासाठी मोकळी ठेवावी. मी तिच्या आईकडे तिसऱ्यांदा जाणार आहे. या वेळी माझी आईही बरोबर येते म्हणाली. ती म्हणते, तुला बोलता येत नाही, मी बोलते.

त्या जूनमध्ये तुम्ही सांगितलेला अर्ज मी अर्थ न कळता टाइप केला होता. शेवटी नाव घालताना माझी बोटं थांबली, आणि तुम्ही म्हणालात, घाल की. तेवढ्यानं माझं सगळं झालं. आज समजून-उमजून टाइप करतो आहे, आणि बोटं पुन्हा तिथेच थांबली आहेत.

फडकं रविवारी घेऊन येतो. मुलींना लागेल.

या पत्रातल्या चुका तुमच्या प्रोग्रॅमला मोजता यायच्या नाहीत, पत्र मराठीत आहे. मुलींकडून मोजून घ्या. एकच चूक पुन्हा पुन्हा झाली असेल तर मला जवळ बोलावून बोट कुठे बसलंय ते बघा.

तुमचा विद्यार्थी